काशामावशीची पपई

मी पहिल्यापासून संशयी. आता नव्वदी आली, तरी भाजीवाल्याच्या काट्यावरून माझी नजर हलत नाही... पण या स्वभावानं एकदा मला चांगलंच तोंडघशी पाडलं होतं.

जिंतूरची गोष्ट. निजामाचं राज्य होतं, वडील कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज उर्दूत लिहून द्यायचे. मी बारा वर्षांची होते आणि वहिनीला नुकतेच दिवस गेले होते.

न्हाणीमागे नवा वाफा केला होता. त्यात कुठली फळझाडं लावायची यावरून रोज वाद... वडिलांना लिंबू हवं, आईला डाळिंब, वहिनीला पेरू. तेवढ्यात शेजारची काशामावशी पपईची तीन रोपं घेऊन आली. "ही लावा, लय लवकर धरतेत," म्हणाली. वहिनीनं खूश होऊन लगेच लावलीसुद्धा.

आईचा चेहरा मात्र उतरला. पपईनं गर्भ पडतो, असं आमच्याकडे पक्कं मानायचे. त्यात मावशीला मूलबाळ नव्हतं... हिला आमचं चांगलं बघवत नाही, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे झोपलेले बघून मी तिन्ही रोपं उपटली आणि उंच भिंतीवरून तिच्याच उकिरड्यावर भिरकावली. घरात सांगितलं, वाळून गेली. पुढे मावशी घरी आली की मी तिच्यावर डोळा ठेवून बसायची... तिनं आणलेला लाडूसुद्धा वहिनीला खाऊ दिला नाही.

बाळ सुखरूप झालं, पण वहिनीला दूधच पुरेना. शेळीचं पाजलं की बाळ ओकायचं. महिनाभरात त्याच्या मांड्या काड्यांसारख्या झाल्या... आई देवापुढून उठेना.

एका सकाळी मावशी पदरात दोन हिरव्यागार पपया घेऊन दारात उभी. मी आडवीच गेले. "कुठून आणल्या?"

तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. आईला म्हणाली, "वयनी, कच्च्या पपईची भाजी करून घाला सुनंला, दूध उतरतंय. लेकरू यायच्या येळंला फळ धरावं म्हनूनच तर रोपं दिली व्हती. वाळायलीत म्हनून तुमच्या पोरीनंच माज्याकडं लावाया आणून दिली. लय शानी हाय."

माझे कान तापले. आईनं विळी पुढे ओढली.

चार-पाच दिवसांत बाळ पोटभर पिऊन झोपायला लागलं. त्या पुतण्याला आज नातवंडं आहेत... मावशी गेली, पण खरं काय ते तिनं शेवटपर्यंत कुणालाही कळू दिलं नाही.

म्हणून आज मीच सांगून टाकते... मावशी, मी शहाणी नव्हते गं. रोपं मी फेकली होती.