खोटा साहेब

बऱ्हाणपूरला कचेरीबाहेरच्या टपरीवर मी रोज चहा पितो. शेजारी अर्ज लिहिणारे काका बसतात. अर्ज लिहून झाला की ते चष्मा चढवतात आणि आत बोलायचा सराव करून घ्यायला स्वतःच साहेब होतात. "क्या है? जल्दी बोलो!"

परवा तुकईथडची एक बाई या खोट्या साहेबासमोरच रडली. काकांनी तिला चारदा पुन्हा बोलायला लावलं. पाचव्यांदा ती कडाडली, "साहेब, आधी माझं ऐकून घ्या!"

"आता जा आत, माय."

भावाशी माझा सहा वर्षं अबोला. काल मीच काकांसमोर बसलो. म्हटलं, "आज माझे मोठे भाऊ व्हा." भांडणाचं सगळं पाठ करून आलो होतो.

काकांनी चष्मा काढून ठेवला. "ये रे. जेवलास का?"