मांडवातला रुसवा

नव्या फेट्याच्या कापडाचा वास आला की मला थोरल्या पोरीचं लगीन आठवतं. भवानीनगरजवळ आमच्या दारात मांडव, चुलाणावर बुंदी, आणि मानाचा फेटा आपल्याला आधी बांधला न्हाय म्हणून नवरदेवाचा चुलता रुसून जीपमध्ये बसलेला. “तात्या, मुहूर्त चाललाय, हात जोडा,” सगळे मला म्हणाले. मी म्हणालो, “न्हाय जोडत.” आत पोरगी रडत होती. तेवढ्यात पाहुण्यांना हसवायला बोलावलेल्या नकलाकारानं माईक घेतला, आणि चुलत्याच्या अन् माझ्या आवाजात एकट्यानंच आमचं भांडण रंगवलं. मांडव हसून लोळला. चुलता हसतच खाली उतरला, मीही हसत त्याला फेटा बांधला. पुढं तो नकलाकार गडी टीव्हीच्या विनोदी मालिकेत घरोघरी दिसाया लागला. लोक म्हणत्यात, मुंबईनं त्याला मोठा केला. खोटं हाय, मोठा तो माझ्या मांडवातच झाला. मला नमवणारा माणूस त्याच्याआधी या तालुक्यात झाला नव्हता.