गाय हवेत थांबली
हायड्रॉलिक तेलाचा वास आला की आमची गाभण देवणी गाय खड्ड्यात पडली तो दिवस आठवतो. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, जुन्या ट्रॅक्टरच्या पुढच्या लोडरला पट्टे बांधून तिला उचलायचे, अन् निम्म्यावर आली की लोडर आपोआप खाली बसायचा. "तुमच्यावानीच थकला हाय त्यो," मी म्हणाले. "गप गं! खंडेनवमीला ट्रॅक्टर पुजताना तेलाच्या टाकीतच अक्षता टाकल्या म्या," म्हणत त्यांनी वॉल्व्ह खोलला. आत तांदळाचा दाणा अडकून फट राहिली होती, त्या फटीतून तेल मागं पळायचं. दाणा काढून, वॉल्व्ह बसवून त्यांनी दांडी ओढली. गाय वर आली आणि हवेत थांबली. तिचं पोट हलत होतं, लोडर तसूभरही हलला नाही. काठावर टेकताच ती उभी राहिली. मुठीत मावेल एवढ्या लोखंडानं दोन जीव तोलून धरले, त्याचं नवल मला अजून सरलेलं नाही.