न जेवलेल्याचा सत्कार

माझं नाव पुकारलं नव्हतं, तरी मी स्टेजवर चढलो.

पूर्ण चढलो नाही. शेवटची पायरी राहिली होती. आणि चूक माझी असली तरी त्यात आमच्या विद्यापीठाचाही थोडा हात आहे. आमच्याकडे मानपत्र आधी वाचतात आणि नाव सगळ्यात शेवटी घेतात. सभागृहाने तोवर उत्सुकतेने तळमळावं, अशी योजना. तर सूत्रसंचालन करणारे सर आवाज लावून वाचत होते : "रविवारी संध्याकाळी शहरातल्या मेस बंद असतात. घरापासून दूर असलेले विद्यार्थी त्या संध्याकाळी उपाशी असतात, एकटे असतात. हे ज्याच्या संवेदनशील मनाने टिपलं, ज्याने जात, धर्म, विभाग विसरायला लावून सर्वांना एका पंगतीत बसवलं, विद्यापीठाला घरपण दिलं..."

आता तुम्हीच सांगा. उपाशी मी होतो. एकटा मी होतो. पंगत मी सुरू केली होती. संवेदनशील मनाबद्दल मला जरा शंका आली, पण म्हटलं, मानपत्र आहे, हात सैल सोडून लिहितात. शेजारच्या खुर्चीवर तस्नीम होती. तिच्या गुडघ्यांवरून उडी मारून मी निघालोसुद्धा. शर्टाला इस्त्री होती. भाषण पाठ होतं. त्यात शेवटी एक हुंदका होता, तोही पाठ होता.

सर थांबले. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. माईक तोंडाशीच होता.

"अहो दादा, खुर्च्या कार्यक्रम संपल्यावर उचला. आत्ता खाली बसा."

हशा. मोठा. मागच्या रांगेपर्यंत पोचलेला. मग सरांनी नाव घेतलं : अथर्व. टाळ्या. तो वर येत होता, मी खाली जात होतो. पायऱ्यांवर गाठ पडली. त्याने माझा खांदा थोपटला. फोटोत ते आलंय. त्याचा हात आणि माझा खांदा. बाकीचा मी कापला गेलोय.

सर मला ओळखत नव्हते, असं नाही. ओळखत होते म्हणूनच तसं म्हणाले. विद्यापीठातल्या बहुतेक कार्यक्रमांना खुर्च्या मीच लावायचो. कुणी सांगितलं नव्हतं. समोर खुर्च्यांची चळत दिसली आणि हात मोकळे असले की मला चोरट्यासारखं वाटतं. हे घरचं वळण. आमच्या गावात लग्न असो, बारसं असो, सरपण फोडायचं आमच्या वस्तीने, चूल खणायची आमच्या वस्तीने, पंगतीची जागा झाडायची आमच्या वस्तीने. आणि जेवायला बसायचं अख्खं गाव जेवून उठल्यावर. देवळाच्या मागे, उष्ट्या पत्रावळींच्या ढिगाशेजारी. वाढणारा उभा. तो वाकायचा नाही. वरून सोडायचा. पानावर पडलं ते आपलं, मातीत पडलं ते कोंबड्यांचं. सगळी मुलं जेवताना पानाकडे बघतात. मी वर बघून जेवायला शिकलो.

पुण्यात आलो तेव्हा वाटलं, ते सगळं मागे राहिलं. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायला लागलो. म्हणजे खोली नाही, खोलीतली एक खाट आपली. खाटेखाली पेटी, खाटेवर मी. इतर दिवस ठीक जायचे. रविवारी दुपारी मेसवाले काका गोड वाढायचे आणि संध्याकाळी शटर ओढायचे. सगळं शहर बायकापोरं घेऊन फिरायला निघायचं आणि आम्ही बाहेरगावची मुलं बिस्किटाचा पुडा घेऊन खाटेवर. भुकेपेक्षा ते शटर जास्त लागायचं.

विद्यापीठाच्या कँटीनमागे एक पत्र्याची शेड आहे. एका रविवारी मी तिथे स्टोव्ह लावून खिचडी टाकली. हे तस्नीमला कळलं. ती माझ्या वर्गातली. तिचे अब्बा कसबा पेठेत भांडी विकतात, कल्हई करून देतात. घर पिढ्यान् पिढ्या इथलंच. तिला रविवारी उपाशी राहायचं काही कारण नव्हतं. पण पुढच्या रविवारी ती दुकानातलं मोठं पातेलं रिक्षात घालून घेऊन आली.

"एकट्यापुरतं शिजवलेलं बेचव लागतं," म्हणाली. "तुझं तर तसंही बेचवच असणार."

मग माणसं येत गेली. कुणी शेंगदाण्याची चटणी आणली, कुणी घरून आलेलं लोणचं. कधी मसालेभात, कधी पिठलं. गावाकडून पहिल्यांदाच आलेली मुलं शेडमध्ये यायची, कोपऱ्यात उभी राहायची आणि अर्ध्या तासात भांडायला लागायची, म्हणजे रुळायची. नियम एकच होता. शिजवणाऱ्यासकट सगळे एकदम खाली बसायचे. पातेलं हातोहात पुढे सरकवायचं. कुणी उभं राहून वाढायचं नाही. हा नियम माझा. का, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

आता अथर्व. नारायण पेठेतला. त्याचा मला हेवा वाटायचा, लपवत नाही. त्याचा कुर्ता दिवसभर चुरगळायचा नाही. तो प्राध्यापकांचं वाक्य मध्येच तोडायचा आणि प्राध्यापक हसायचे. मी तोडलं तर वर्ग गप्प व्हायचा. कुलसचिवांना तो 'काका' म्हणायचा. आणि हसायचा कसा! मान थोडी मागे टाकून, सगळं जग आपलंच असल्यासारखा. मी आरशासमोर त्याचं हसू करून बघितलं. शेजारच्या खाटेवरचा मुलगा म्हणाला, "पोट दुखतंय का रे?"

असा हा अथर्व एका रविवारी कॅमेरा घेऊन शेडमध्ये आला, तेव्हा मला काय वाटलं असेल? मी सतरंजीचा कोपरा शर्टाने पुसला. तो म्हणाला, "पातेलं काय जबरी आहे रे! कुणाचं?"

"तस्नीमच्या दुकानातलं," मी फुशारकीने सांगितलं.

"अच्छा," तो म्हणाला. "मी जेवून आलोय हं. तुम्ही चालू द्या."

मग तो दर रविवारी यायचा. फोटो काढायचा, मुलांशी मस्त गप्पा मारायचा, आम्ही बसलो की निघायचा. कधी म्हणायचा, "जेवून आलोय," कधी म्हणायचा, "आई थांबलीये जेवायची." एकदा तर एका दमात दोन्ही म्हणाला. मला त्यात काही खटकलं नाही. मी त्याच्या कॅमेऱ्यात कसा दिसतो, याच विचारात होतो.

त्यानेच शेडची परवानगी काढली. त्याच्या नावावर. त्यानेच पंगतीचं नाव ठेवलं : 'संडे टेबल'. टेबल नव्हतंच. सतरंजी होती.

तर स्टेजवर अथर्व. शाल, श्रीफळ, पितळी मानचिन्ह. तो बोलला, "मी निमित्तमात्र. ही माणसं मला खूप काही शिकवून गेली."

गेली? कुठे गेली? आम्ही इथेच बसलो होतो. सातव्या रांगेत.

मी जळत होतो. मला शाल हवी होती. मानचिन्ह हवं होतं. खरं सांगतो, मला तो नारळसुद्धा हवा होता. आणि आता हसू नका. कार्यक्रम संपला आणि मी खरोखरच खुर्च्या उचलायला लागलो. हातांना सवय. चार खुर्च्या काखेत होत्या, तेव्हा विद्यार्थी कल्याणच्या मॅडम आल्या. त्यांनीच हे बक्षीस ठरवलेलं.

"अहो, तुम्ही पण त्या शेडमधले ना? छान. अथर्वला अशीच मदत करत राहा."

मी म्हणालो, "थँक यू मॅडम."

थँक यू! ते 'थँक यू' आजही मला दातांत अडकल्यासारखं होतं.

परतताना शनिवार पेठेतून चालत होतो. मी तावातावाने बोलत होतो. माझी कल्पना, माझा स्टोव्ह, माझी भूक, माझा अपमान. तस्नीम ऐकत होती. सिग्नलला थांबली आणि म्हणाली, "तू उठलास ना, तेव्हा माझ्या पायावर पाय देऊन गेलास. पातेलं कोण आणतं, कांदा कोण चिरतं, हे तुझ्याही मानपत्रात नव्हतं."

सिग्नल सुटला. मी तिच्या मागून रस्ता ओलांडला.

पुढच्या रविवारी मॅडम स्वतः शेडमध्ये आल्या. बरोबर अथर्व, मानचिन्ह आणि एक फोटोवाला. वार्षिक अंकासाठी फोटो हवा होता. आम्ही बसलो होतो, पातेलं मध्यभागी.

"अथर्व वाढतोय आणि मुलं जेवतायत, असा घ्या," मॅडम म्हणाल्या.

अथर्वने डाव उचलला. टोकाला धरून. पंगतीच्या पुढे उभा राहिला. फोटोवाला मागे सरकला आणि ओरडला, "सगळ्यांनी वर बघा! भात वाढणाऱ्याकडे! वर बघा!"

सगळ्यांनी वर बघितलं. मीही बघितलं. मान आपोआप गेली. किती सरावाने गेली! आणि मला पत्रावळींच्या ढिगाचा वास आला. पुण्यात. विद्यापीठात. मानपत्र मिळालेल्या पंगतीत.

मी उठलो. आवाज चिरका आला. बंडखोराला शोभेल असा मुळीच नव्हता.

"अथर्व, डाव ठेव. इथे उभं राहून कुणी वाढत नाही. खाली बस. जेव. मग हवे तेवढे फोटो काढ."

"अरे, एकच फोटो. मी जेवून आलोय."

"मग आईला कळव, थांबू नका म्हणून."

कुणीतरी फिस्सकन हसलं. तस्नीमने एक ताटली घेतली, पुसली, त्यात मसालेभात घातला आणि सतरंजीवर ठेवली. माझ्या शेजारची जागा. अथर्व ताटलीकडे बघत राहिला. मग पातेल्याकडे.

"दोन घास," मी म्हणालो.

"नाही जमणार रे."

काय नाही जमणार, ते त्याने सांगितलं नाही. पातेल्याकडे बघत म्हणाला, तेवढं पुरे होतं. सगळ्या पंगतीला कळलं. मला इतक्या रविवारांनंतर कळलं.

"मग फोटो नाही," मी म्हणालो.

मॅडम लाल झाल्या. "तुम्ही स्वतःला समजता कोण? शेड विद्यापीठाची आहे. परवानगी अथर्वच्या नावावर आहे. आणि एवढी असूया बरी नव्हे हं."

"असूया आहेच, मॅडम. भरपूर आहे. पण फोटो नाही."

पुढच्या रविवारी शेडला कुलूप होतं. त्याच्या पुढच्या रविवारी उघडलं, पण आमच्यासाठी नाही. आता तिथे खरोखरच टेबलं आहेत. केटरर येतो, टोपी घातलेला माणूस उभा राहून वाढतो. पनीर असतं म्हणे. पनीरच्या नुसत्या बातमीनेही मी अस्वस्थ होतो, तेही सांगून टाकतो.

आमची पंगत आता कसबा पेठेत, तस्नीमच्या दुकानासमोर. अब्बा शटर ओढतात, पुढची फरशी धुऊन देतात आणि स्वतःही बसतात. निम्मी मुलं आली नाहीत. काहींना मॅडमची भीती, काहींना चालायचा कंटाळा. जी आली ती बसली. येणारे-जाणारे बघतात. बघू देत.

माझं म्हणणं एवढंच. बक्षीस ज्याला द्यायचं त्याला द्या. शाल घाला, नारळ द्या, मानपत्रात काय वाटेल ते लिहा. पण जो आमच्याबरोबर जेवत नाही, तो आमच्या पंगतीचा नाही. त्याच्या हातातलं मी घेणार नाही. वर बघून जेवणार नाही. खुर्च्या माझ्या मी उचलेन, तुमच्या नाही. आणि हे विद्यापीठातून बाहेर पडल्यावरही नाही, नोकरीत नाही, कुणाच्या लग्नात नाही. कुठेच नाही.

हे सगळं लिहिलं आणि तस्नीमला वाचून दाखवलं. ती कांदा चिरत होती. शेवटपर्यंत ऐकलं, चाकू खाली ठेवला आणि म्हणाली,

"तुला ते बक्षीस मिळालं असतं ना, तर तूही आतापर्यंत जेवून यायला लागला असतास."