आधी काम, मग बोंबील

कुठल्याही लग्नात माझ्या शेजारच्या खुर्चीवरची बाई मला विचारतेच, "तुम्ही सायकॉलॉजिस्ट ना? मग तुमच्याकडे किस्से किती असतील!" असतात हो. फ्रिजच्या दारात सॉसच्या पुड्या साठतात तसे साठतात. कधी आले ते आठवत नाही आणि टाकवतही नाहीत. अडचण एवढीच की तिला हवे असतात शेवटी मी शहाणी ठरते असे किस्से, आणि तसे माझ्याकडे फार थोडे आहेत. बाकीच्यांत नेमकं शहाणं कोण ठरलं, हे मला अजून कळलेलं नाही!

ऑटिझम असलेल्या मुलांना शिकवणं हे माझं काम. पद्धत म्हटली तर सोपी आहे. मोठ्या गोष्टीच्या लहान लहान पायऱ्या करायच्या आणि एक पायरी जमली की मुलाच्या आवडीचं बक्षीस लगेच द्यायचं. आधी काम, मग बक्षीस. पनवेलच्या बाजारपेठेत, साड्यांच्या एका दुकानाच्या वर दोन खोल्या घेऊन मी सेंटर काढलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. सेंटर म्हणजे मी आणि माझी असिस्टंट शर्वरी. शर्वरी तेव्हा नुकतीच एम.ए. झालेली, हुशार, आणि नको तेव्हा नको तो प्रश्न विचारणारी.

बाहेर आम्ही झोकात बोर्ड लावला होता, 'बिहेवियर थेरपी'. पहिल्या आठवड्यात एक बिल्डर आले. गळ्यात चेन, सोबत पंचवीस-सव्वीस वर्षांचा, मान खाली घातलेला एक तरुण.

"हा माझा मेव्हणा," बिल्डर म्हणाले. "ह्याचं बिहेवियर जरा सुधारून द्या. दिवाळीनंतर लग्न काढायचंय."

मी समजावलं की आमच्याकडे लहान मुलं येतात. ते जायला उठले. तेवढ्यात मेव्हण्यानं पहिल्यांदा मान वर केली आणि मला हळूच विचारलं, "मॅडम, आणि भावजींना आणलं तर घ्याल का?"

*

सोहम आला तेव्हा पाच वर्षांचा होता. उलव्याच्या बाजूच्या एका गावातलं शेतकरी आगरी कुटुंब. आई मनीषा त्याला कडेवर घेऊन जिना चढून आली. सोहम बोलत नव्हता. पण मनीषाची काळजी वेगळीच होती.

"मॅडम, नाय बोलला तरी चालंल," ती म्हणाली. "पन ह्याला घर सोडून रावता आलं पायजे. माझे माहेरी नेला होता. दोन दिवस जेवला नाय, पानी प्यायला नाय. सलाईन लावाला लागला. आनि आमचा गाव विमानतळान जानार हाय. आज ना उद्या घर खाली करावाच लागंल. तवा ह्याचा काय होईल?"

असं स्पष्ट उद्दिष्ट घेऊन येणारे पालक मला आवडतात. मी उत्साहानं कामाला लागले. पहिली पायरी, बक्षीस शोधणं. ट्रेमध्ये वेफर्स, चॉकलेट, गाडी, साबणाच्या फुग्यांची बाटली असं सगळं मांडलं. सोहमनं ट्रेकडे पाहिलंसुद्धा नाही. तो सरळ आईच्या पिशवीपाशी गेला, डबा उघडला आणि तांदळाच्या भाकरीखालून भाजलेल्या सुक्या बोंबलाचा तुकडा काढला. तो खाताना त्यानं माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच!

"मॅडम," शर्वरी म्हणाली, "मिळालं."

*

आमच्या सेंटरच्या खाली साड्यांचं दुकान होतं आणि जागेचे मालकही तेच, शेठ. घरात कांदा-लसूणसुद्धा नाही. बोंबलाचा तिसरा दिवस उजाडला आणि शेठ पेटती अगरबत्ती हातात घेऊनच वर आले.

"मॅडम, वास कसला?"

"शेठ, ते मुलाच्या उपचाराचा भाग आहे."

"अहो, शालू घ्यायला आलेल्या बाया नाकाला पदर लावून परत जातात! हा उपचार माझ्यावर का?"

दुसऱ्या दिवशी शेठ पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले. मुलांना हे द्या, पैसे नकोत, पण ते मासळीचं बंद करा. सोहमनं पेढा हातात घेतला, हुंगला आणि शेठच्याच हातावर परत ठेवला. शेठनी हार मानली नाही. दुसऱ्या दिवशी बर्फी आणली, मग काजूकतली. बक्षीस बदलायला आम्ही तयार होतो, पण बदलायचं की नाही ते सोहमच्या हातात होतं. शेवटी बोंबील फक्त दुपारी, दुकान बंद असताना द्यायचा असं ठरलं. मिठाई मात्र येत राहिली, शेठना सवयच लागली.

काजूकतली खाता खाता शर्वरी म्हणाली, "मॅडम, आपण बोंबील काढला की शेठ मिठाई आणतात. म्हणजे आपण त्यांना ट्रेन केलं, की त्यांनी आपल्याला?"

मी तिला तोंड बंद ठेवून खायला सांगितलं.

*

सोहमला नको असेल तेव्हा तो डोकं आपटायचा. म्हणून त्याला आम्ही 'नको'चं कार्ड शिकवलं. लाल फुलीचं चित्र. ते हातात दिलं की समोरच्यानं थांबायचं. हा नियम मी घरच्यांना घसा कोरडा पडेपर्यंत समजावला. मुलानं कार्ड दिलं की मान द्यायचा. काहीही झालं तरी!

पंधरवड्यात डोकं आपटणं बंद झालं. मी खुशीत. मग मनीषाचे फोन सुरू झाले. सोहमनं इंजेक्शनवाल्या डॉक्टरांना कार्ड दिलं. सत्यनारायणाला तीर्थ देणाऱ्या भटजींना दिलं. मतं मागायला आलेल्या उमेदवारालाही दिलं, आणि घरातल्या सगळ्यांनी नियमाप्रमाणे प्रत्येकाला तिथेच थांबवलं.

मी भरपूर हसले. पुढच्या सोमवारी सोहम जिना चढून आला, दारातच माझ्या हातात लाल कार्ड ठेवलं आणि परत जाऊन पायरीवर बसला.

"मॅडम," शर्वरीनं विचारलं, "मान द्यायचाय ना?"

फी भरलेली, वेळ ठरलेली, ट्रे मांडलेला. आणि आम्ही दोघी, मनीषा आणि सोहम, ओळीनं जिन्यावर बसलेलो. मिठाई घेऊन वर येणाऱ्या शेठनी विचारलं, "आज काय शिकवताय?"

मी सरकून त्यांना पायरीवर जागा करून दिली.

*

केस कापणं हा घरोघरचा छळ असतो. सोहमच्या केसांसाठी आम्ही सेंटरमध्ये महिनाभर तयारी केली. खुर्ची, अंगावर कापड, कात्रीचा आवाज, आणि प्रत्येक पायरीला साबणाचे फुगे. (बोंबील इथं जमण्यासारखा नव्हता, केस चिकटतात.) सोहम पुतळ्यासारखा बसायला लागला. मग त्याला सलीमभाईंच्या सलूनमध्ये नेलं. खुर्चीवर बसला, पण फुगे नाहीत म्हटल्यावर उतरला. झालं, शर्वरी कोपऱ्यात उभी राहून फुगे उडवायला लागली आणि सोहमचे केस सुरेख कापले गेले. शेजारच्या खुर्चीवर दाढीला बसलेले एक गृहस्थ साबण लावलेल्या तोंडानं वर बघत राहिले.

आठवड्यानं सलीमभाई रस्त्यात भेटले.

"मॅडम, माशाअल्ला बच्चा बहोत अच्छा बैठला. पण ती बुलबुलेवाली बाई परत कधी येणार? दोन गिऱ्हाईकं विचारून गेली."

"मुलं?"

"नाय हो. एक बँकेत मॅनेजर आहे!"

*

आता सोहमच्या आजोबांबद्दल सांगते, कारण माझं आणि त्यांचं पटत नव्हतं. उंच, काळेसावळे, डोक्यावर पांढरी टोपी. शेती संपली तरी पायांची ठेवण बांधावरून चालणाऱ्याची. सोहमचा त्यांच्यावर जीव आणि त्यांचा सोहमवर. भांडण होतं ते बोंबलावरून.

सेंटरला येताना आजोबा त्याला वाटेतच बोंबील भरवायचे. पोट भरलेल्या मुलाला बोंबलाचं काय कौतुक? सोहम माझ्यासमोर बसून खिडकीबाहेर बघायचा. एक दिवस मी आजोबांना खुर्चीवर बसवून, आवाज शक्य तितका गोड ठेवून सांगितलं, "आजोबा, आधी काम, मग बोंबील. उलटं केलं तर तो काहीच शिकणार नाही."

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, आमचे घरान पावना आला तं आमी त्याला पयला जेवाला घालतो. मंग इचारतो, कशाला आलास. आनि ह्यो तं आमचा पोर हाय. त्याला तुकडा दाखवून काम करून घ्यायचा? तो काय सर्कशीन हाय?"

मी पुस्तकातली तीन उत्तरं दिली. आजोबांनी तिन्ही ऐकली, मान हलवली, टोपी सारखी केली आणि जाताना जिन्यात पोराला बोंबील दिला. मी इतकी चिडले! आणि रात्रभर चिडायच्या ऐवजी विचार करत बसले, हे त्याहून वाईट.

*

गाव उठायचं नक्की झालं. नवीन घर बांधून होईपर्यंत पनवेलजवळ विचुंब्याला दुसऱ्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट ठरला. मनीषाचा तोच प्रश्न, आता रोज. जेवेल ना? राहील ना?

आम्ही आमचं सगळं पणाला लावलं. शर्वरीनं जुन्या घराचा, टेम्पोचा, फ्लॅटच्या जिन्याचा आणि नवीन दाराचा फोटो काढला. कार्डं केली आणि एका पट्टीवर ओळीनं चिकटवली. एक गोष्ट संपली की तिचं कार्ड सोहमनं काढायचं, कमरेच्या निळ्या पाकिटात टाकायचं, मग बोंबील. त्या पाकिटाला आम्ही 'झालं' म्हणायचो. फ्लॅटवर रोज फेऱ्या सुरू झाल्या. आधी जिन्यापर्यंत, मग दारापर्यंत, मग आत बसून भाकरी.

सोहम पाकिटाच्या बाबतीत आमच्याहून कडक झाला. एकदा शर्वरीनं घाईत एक कार्ड चुकून स्वतःच्या ओढणीत खोचलं, तर त्यानं सेंटर डोक्यावर घेतलं. दुपारभर रडला. बोंबील दिला तो फेकून दिला. कार्ड पाकिटात पडेपर्यंत काही खरं नाही! खाली शेठनी एका गिऱ्हाइकाला सांगितलं म्हणे, "काही नाही, वर शिकवणी चालू आहे."

*

निघायच्या दिवशी मनीषानं मला आणि शर्वरीला बोलावून घेतलं. गावातली अर्धी घरं आधीच पाडलेली. भिंती नसलेल्या एका घरात फक्त देवळीतला निळा रंग शिल्लक. यांचं सामान टेम्पोत चढलं होतं. आम्ही सगळ्या सोहमच्या तोंडाकडे बघत होतो. मनीषाच्या पिशवीत डॉक्टरांचा नंबर, माझ्या पिशवीत बोंबलाचा डबा.

सोहमला काहीच झालं नाही. पट्टी गळ्यात, पाकीट कमरेला, तो टेम्पोपाशी जाऊन उभा राहिला.

आजोबा मात्र ओट्यावर बसले होते.

"बाबा, चला," सोहमचे वडील म्हणाले.

"तुमी व्हा फुडं. मी येतो मागून."

ते येणार नाहीत, हे सगळ्यांना कळलं. मुलगा चिडला, मग विनवायला लागला, मग तोंड फिरवून उभा राहिला. मनीषा त्यांच्या पायाशी बसून रडली. माझ्याकडे सगळ्यांनी पाहिलं, मी सायकॉलॉजिस्ट ना! मी नुसतं डब्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

सोहम टेम्पोपासून परत आला. आजोबांसमोर उभा राहिला. पट्टीवरून जुन्या घराचं कार्ड काढलं, त्यांच्या हातात दिलं आणि कमरेचं पाकीट उघडून त्यांच्यापुढे धरलं. टाका!

आजोबा कार्डाकडे बघत राहिले. ओटा, दार, दाराशी त्यांचीच काठी. मग त्यांनी ते कार्ड आपल्या सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि वरून हात दाबून धरला.

शर्वरीनं माझा दंड पकडला. मी डोळे मिटून घेतले. आता रडणार, आता डोकं आपटणार, सगळी मेहनत पाण्यात!

आवाज आला नाही. डोळे उघडले तर सोहम एकदा पाकिटाकडे बघत होता, एकदा आजोबांच्या खिशाकडे. त्यानं पाकिटाची चेन लावली. माझ्याकडे आला, माझ्या डब्यातला बोंबलाचा सगळ्यात मोठा तुकडा काढला आणि नेऊन आजोबांच्या हातावर ठेवला.

"मॅडम," शर्वरी कुजबुजली, "पण काम तर झालंच नाही..."

आजोबांनी तुकडा तोंडात टाकला. सावकाश चावून खाल्ला. डोळे पुसले, टोपी सारखी केली आणि नातवाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले,

"चला. खाल्ला हाय, आता उठाला लागंल!"