कानसेनांची कोरी वही

गॅस सिलिंडरच्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर बसणाऱ्या तपासनिसांना सगळे कानसेन म्हणत. छोट्या हातोडीने प्रत्येक सिलिंडरला एक टोला द्यायचा आणि कान लावायचा, हे त्यांचं काम. सव्वीस वर्षं त्यांनी ते इमानेइतबारे केलं. सांधा पक्का असेल तर आवाज घुमायचा, कच्चा असेल तर बद्द यायचा.

बद्द वाजलेल्या सिलिंडरची वहीत नोंद करायची, असा नियम होता. कानसेन ती करत नसत. वेल्डर त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. नजर अधू होत चाललेली, घरात दोन शिकत्या मुली. कानसेन कच्चा सिलिंडर गुपचूप त्याच्या टेबलाशी नेऊन ठेवत, तो मुकाट्याने पुन्हा जोडून देई. दोघांत यावर कधी चकार शब्द निघाला नाही. माणूस भला, पण असला भलेपणा अंगाशी येतोच.

मग कारखान्यात कामकाज सुधारणेचा कार्यक्रम आला. सुधारणावाल्या बाई घड्याळ घेऊन महिनाभर एकेकाच्या मागे उभ्या राहिल्या. मूल्यमापन समितीत कामगारांतर्फे कानसेनांना घेतलं, तेव्हा स्वारी भलतीच खूश झाली. बाईंनी वही चाळली. तीन वर्षांत एकही सिलिंडर सदोष नाही, मग हा टोला हवाच कशाला, असं त्यांनी विचारलं. खरं सांगावं तर भावाची नोकरी जाणार. कानसेनांनी टोला बंद करण्याच्या अहवालावर सही केली.

सोमवारी ते टेबल हललं. कानसेनांना फाटकाशी पावत्या तपासायला बसवलं. सिलिंडर आता थेट ट्रकमध्ये चढू लागले, भिंतीवरच्या तक्त्यातली उत्पादनाची हिरवी रेघ वर सरकू लागली. भावाकडे परत काहीच येईना.

"दादा, माझा हात आता बसलाय बघ," तो खुशीत म्हणाला. कानसेन पावत्या पुन्हा मोजू लागले.

आठव्या दिवशी त्यांना राहवेना. ट्रक फाटकाशी थांबला, तशी त्यांनी खिशातली हातोडी काढली. पहिला सिलिंडर घुमला. दुसराही घुमला. तिसरा बद्द. पाचवाही बद्द.

"गाडी मागे घे. सगळे उतरव," ते ड्रायव्हरला म्हणाले.

बाई धावत आल्या. भावाच्या देखत, मान खाली घालून कानसेनांनी सगळं सांगून टाकलं. भाऊ नुसता आपल्या हातांकडे बघत राहिला.

"आणि या सात दिवसांत गेलेले?" बाईंनी विचारलं.

कानसेनांनी पावत्यांचा गठ्ठा पुढे केला. सगळ्यात वरची एका शाळेच्या स्वयंपाकघराची होती. बाईंनी तिथे फोन लावला. रिंग वाजत राहिली, पण कोणी उचलला नाही.