पंधराच्या पुढचं पान

ताई वेबसाइट काढणार म्हणाली तेव्हा मी हसलो. ते हसू मला महागात पडलं. "हसतोस काय? तूच करून द्यायचीयस," ती म्हणाली. कॉम्प्युटरचं काम करणारा धाकटा भाऊ म्हणजे हक्काचा बिनपगारी नोकर.

ताईने आपल्या लेकीला शाळेत न घालता घरीच शिकवलं होतं. तसंच करू पाहणारे आईबाप तिला अजूनही फोन करून विचारत, कोणत्या वयाला कोणतं पुस्तक द्यावं. एकेकाला सांगत बसण्यापेक्षा सगळं एका जागी लिहावं, एवढाच तिचा विचार. स्वयंपाकघरातलं टेबल हेच ऑफिस झालं. एका टोकाला लॅपटॉप, दुसऱ्या टोकाला पुस्तकांची चळत आणि मध्ये भावजींनी आणून ठेवलेला, कायम निवलेला चहा.

नियम मात्र कडक. जे पुस्तक तिने लेकीला पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवलंय, तेच साइटवर जाणार. मग ती लिहायची, 'चौथ्या प्रकरणात कुत्रा मरतो. त्या दिवशी पुढे वाचू नका, मुलाला जवळ घेऊन बसा.' किंवा, 'पुस्तक छान आहे, पण मूल तापाने पडलेलं असताना नको.' असं कुठला दुकानदार सांगणार? लोकांना साइट आवडली.

भाचीला आम्ही टिटवी म्हणायचो, कारण तिचं तोंड कधी बंद नसे. पानागणिक तिचं "मग काय झालं?" चालायचं. पंधराव्या वर्षी ती म्हणाली, "आई, मला आता शाळेत जायचंय. मुलामुलींत." ताईने एका शब्दाने अडवलं नाही. बॅग भरून दिली. टिटवी वसतिगृहात गेली, मग कॉलेजात, मग दूरच्या शहरात नोकरीला. आता रविवारी फोन येतो. जेवलीस का, गोळ्या घेतेस का, चल ठेवते.

साइटवर वयाप्रमाणे पानं केली आणि शेवटच्या पानावर घोडं अडलं. वर 'पंधराच्या पुढे' असा मथळा, खाली काहीच नाही.

"काहीतरी टाक गं, लोक मला विचारतात," मी वैतागून म्हणालो.

"त्या वयाला मी कुणाला वाचून दाखवलं?"

"मग तू एकटी वाच आणि लिही!"

"तसलं मी लिहीत नाही."

पालथ्या घड्यावर पाणी. "ठीक आहे, पानच काढून टाकतो," मी म्हणालो.

"नको रे. राहू दे," ती एवढ्या घाईने म्हणाली की माझा हात थांबला. बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतात, तसं ती ते पान धरून बसली होती. तिला टिटवी परत हवी होती, याच टेबलाशी, समोरच्या खुर्चीत. तसं ती कुणाला म्हणाली मात्र नाही.

एका रविवारी मी तिथेच होतो. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती, म्हणून फोन स्पीकरवर होता.

"आई, तुझी साइट आज पहिल्यांदा नीट पाहिली," टिटवी म्हणाली. "कुत्र्याचं वाचून ऑफिसात रडू आलं. पण ते बेटावरच्या डॉक्टरचं पुस्तक कुठंय?"

"ते अर्धंच राहिलंय ना."

"म्हणजे? तू नंतर वाचलं नाहीस?"

"तू गेलीस तेव्हा त्याची होडी वादळात होती. अजून तिथेच आहे."

"अगं, इतकी वर्षं?"

"मी एकटीच कशी जाऊ पुढे?"

भावजी दारात येऊन थांबले.

"आई," टिटवी म्हणाली, "मग काय झालं?"

ताईने हातातला टॉवेल तसाच ठेवला. टेबलाचा खण उघडून पुस्तक काढलं. मी रोज त्याच खणातून पेन घ्यायचो. खुणेचा कागद तिथल्या तिथे होता. तिने चष्मा लावला आणि पहिली ओळ स्वतःशीच पुटपुटल्यासारखी सुरू केली.

"मोठ्याने वाच ना गं," टिटवी म्हणाली. "मला ऐकू येत नाहीये."